बेंटली कॉन्टिनेन्टल जीटी: साधी घ्यायची की 'स्पीड'?

आधीच सांगून टाकतो, ही गाडी मी घेणार नाहीये. हे वाचणाऱ्यांपैकी बहुतेकजणही घेणार नाहीत. तरी गेल्या रविवारी जेवताना माझा धाकटा भाऊ आणि मी तासभर हिच्यावरूनच भांडलो. त्याचं म्हणणं एकच, "दादा, घ्यायची तर स्पीडच. साधी कोण घेतं?" आई म्हणाली, "आधी ताटं उचला, मग बेंटली घ्या."

वाद गमतीचा होता, पण त्यामागचा प्रश्न गमतीचा नव्हता. भाऊ पुढच्या आठवड्यात एका हॅचबॅकची स्पोर्टी आवृत्ती बुक करणार आहे. साध्या टॉप मॉडेलपेक्षा सव्वा लाख जास्त, आणि तेही कर्ज काढून. म्हणून म्हटलं, हा प्रश्न नीट सोडवूया. आणि तो ज्या गाडीत सगळ्यात स्पष्ट दिसतो, तिच्यावरच सोडवूया.

जीटी म्हणजे नेमकं काय?

जीटी म्हणजे ग्रँड टूरर. युरोपात एका दिवसात सात-आठशे किलोमीटर अंतर कापायचं, डिक्कीत सामान ठेवायचं आणि उतरल्यावर अंग दुखायला नको, यासाठी बनवलेली वेगवान गाडी. म्हणजे ही रेसिंग कार नाही आणि नुसता चालता सोफाही नाही. दोन्हींच्या मधली आहे.

बेंटलीने १९५२ मध्ये आर टाइप कॉन्टिनेन्टल आणली, ती याच विचारातून. आत्ताच्या कॉन्टिनेन्टल जीटीची पहिली पिढी २००३ मध्ये आली आणि २००७ मध्ये तिची 'स्पीड' आवृत्ती. स्पीड हे नाव मात्र त्याहून जुनं. १९२० च्या दशकातल्या बेंटलींनाही ते असायचं. १९२९ आणि १९३० ची ल मॉंची २४ तासांची शर्यत जिंकणारी गाडी 'स्पीड सिक्स' होती.

कागदावरचा फरक

तिसऱ्या पिढीची (२०१७ नंतरची) उदाहरणं घेऊया, कारण तिथे फरक सगळ्यात स्वच्छ दिसतो.

• जीटी व्ही८: ५५० पीएस, ७७० न्यूटन मीटर, ० ते १०० किमी वेग ४.० सेकंदांत, कमाल वेग ३१८ किमी
• जीटी डब्ल्यू१२: ६३५ पीएस, ९०० न्यूटन मीटर, ३.७ सेकंद, ३३३ किमी
• जीटी स्पीड (२०२१): ६५९ पीएस, ९०० न्यूटन मीटर, ३.६ सेकंद, ३३५ किमी

आता शांतपणे बघा. साध्या डब्ल्यू१२ आणि स्पीडमध्ये ताकदीचा फरक २४ पीएस, म्हणजे चार टक्केसुद्धा नाही. वेळेचा फरक ०.१ सेकंद. तेवढ्यात तुमची पापणीही धड लवत नाही. कमाल वेगातला फरक ताशी २ किमी. आणि ब्रिटनच्या मोटरवेवर मर्यादा ताशी ७० मैल, म्हणजे साधारण ११२ किमी. फ्रान्सच्या महामार्गांवर १३०. जर्मनीच्या ऑटोबानचे काही पट्टे सोडले तर ३३३ आणि ३३५ मधला फरक अनुभवायला जागाच नाही.

भाऊ इथे म्हणाला, "मग स्पीड म्हणजे नुसतं स्टिकर?" नाही. इथेच बहुतेक रीलवाले चुकतात. ते आकडे वाचतात आणि थांबतात.

खरा फरक गाडीखाली आहे

ही गाडी सव्वादोन टनांच्या आसपास आहे. एवढं वजन सरळ पळवणं इंजिनाला जमतं. वळवणं अवघड. स्पीडचे जास्तीचे पैसे मुख्यतः तिथे जातात.

पहिली गोष्ट, इलेक्ट्रॉनिक डिफरन्शियल. वळणावर आतल्या बाजूचं चाक हलकं पडतं. साध्या डिफरन्शियलमध्ये ताकद त्याच हलक्या चाकाकडे पळते आणि ते नुसतं फिरतं. स्पीडमध्ये मागच्या दोन चाकांमधला हा भाग संगणक गरजेप्रमाणे घट्ट करतो, त्यामुळे ताकद पकड असलेल्या चाकाकडे जाते. बेंटलीमध्ये हे पहिल्यांदा याच गाडीत आलं.

दुसरी, मागची चाकंही वळतात. कमी वेगात ती पुढच्या चाकांच्या उलट दिशेने वळतात, म्हणून लांबलचक गाडी अरुंद पार्किंगमध्ये छोट्या गाडीसारखी फिरते. जास्त वेगात पुढच्या चाकांच्याच दिशेने वळतात, म्हणून लेन बदलताना गाडी स्थिर राहते.

तिसरी, ४८ व्होल्टची अँटी-रोल यंत्रणा. वळणावर गाडी कलू नये म्हणून डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा एक लोखंडी बार असतो. तो जाड ठेवला तर गाडी कलत नाही, पण सरळ रस्त्यावर एका चाकाखालचा खड्डा दोन्ही बाजूंना जाणवतो. बेंटलीने या बारच्या मधोमध इलेक्ट्रिक मोटर बसवली. सरळ रस्त्यावर ती बार मोकळा सोडते, आणि वळण आलं की ०.३ सेकंदात १,३०० न्यूटन मीटरपर्यंत जोर लावून गाडी सरळ धरते.

म्हणजे 'स्पोर्टी गाडी = कडक सस्पेन्शन = कंबरदुखी' हा जुना हिशोब इथे पूर्णपणे लागू होत नाही. पूर्वी स्पोर्टी करायचं म्हणजे स्प्रिंग कडक करायची आणि गाडी जमिनीला टेकवायची. आता कडकपणा गरजेपुरता, सेकंदाच्या हिशोबात येतो आणि जातो. तरीही २२ इंची चाकं आणि टायरची पातळ कड असली की खराब रस्ता थोडा जास्त कळणारच. ते भौतिकशास्त्र आहे, त्याला अपडेट येत नाही.

आणि एक उलटा मुद्दा. सगळ्यात स्वस्त व्ही८ ही डब्ल्यू१२ पेक्षा साधारण ८० किलोने हलकी आहे, आणि तो हलकेपणा मुख्यतः नाकात आहे. नाक हलकं म्हणजे गाडी वळणात सहज शिरते. त्यामुळे घाटाच्या रस्त्यावर 'कमी' मॉडेलच जास्त आवडलं असं म्हणणारे चालक भेटतात, आणि ते खोटं बोलत नसतात.

मधली पायरी: 'एस'

२०२२ मध्ये बेंटलीने जीटी एस आणली. इंजिन तेच व्ही८, ताकद तीच ५५० पीएस. वर काय मिळालं? स्पोर्ट एक्झॉस्टचा आवाज, काळी सजावट, आणि ती ४८ व्होल्टची यंत्रणा मुळातच बसवलेली.

मला ही आवृत्ती शिकवण्यासाठी फार उपयोगी वाटते. तिच्यात तीन प्रकारच्या गोष्टी एकत्र आहेत: जी फक्त दिसते (काळा रंग), जी फक्त ऐकू येते (एक्झॉस्ट), आणि जी खरंच काम करते (अँटी-रोल). कुठलंही 'स्पोर्ट एडिशन' समोर आलं की त्याची यादी या तीन रकान्यांत वाटून बघा. तिसरा रकाना रिकामा निघाला तर तुम्ही स्टिकरचे पैसे देताय.

नव्या पिढीत सॉफ्टवेअरचा खेळ

२०२४ मध्ये डब्ल्यू१२ इंजिन बंद झालं आणि नवी जीटी प्लग-इन हायब्रिड झाली. ४ लिटरचं व्ही८, १९० पीएसची मोटर आणि २५.९ किलोवॅट-तासांची बॅटरी. ही मांडणी साध्या जीटीतही आहे आणि स्पीडमध्येही. पण साधीत एकूण ६८० पीएस, तर स्पीडमध्ये ७८२. साधी ३.७ सेकंदांत १०० गाठते, स्पीड ३.२. कमाल वेग २७० विरुद्ध ३३५.

माझं रोजचं काम सॉफ्टवेअरचं, म्हणून हे वाचून मला हसू आलं. एकच मांडणी, एकीला जास्त जोर लावायची परवानगी, दुसरीला कमी. पण याचा दुसरा अर्थही बघा: आजची 'साधी' जीटी कालच्या स्पीडपेक्षा २१ पीएसने ताकदवान आहे. दर पिढीला 'साधी' या शब्दाचा अर्थ वर सरकतो. फोनमध्येही आपण हेच बघतो.

मग कोणी कुठली घ्यावी?

वर्षभर शहर, हॉटेल, विमानतळ आणि महामार्ग असा वापर असेल तर साधी व्ही८. गाडीचं मूळ काम ती पूर्ण करते. आल्प्सच्या घाटरस्त्यांवर मुद्दाम चालवायला जाणारा माणूस असेल तर स्पीड, कारण तिथे ते डिफरन्शियल आणि मागचं स्टिअरिंग रोज कामाला येईल. कार्बन सिरॅमिक ब्रेक स्पीडलाही वेगळे पैसे देऊन मिळतात. ते ३० किलोपेक्षा जास्त वजन वाचवतात आणि लांब उतारावर तापून ढिले पडत नाहीत. पण सिग्नलवर थांबायला त्यांची गरज नाही. आणि नुसता आवाज आवडत असेल तर एस. त्यातही काही चूक नाही, फक्त आपण आवाजाचे पैसे देतोय हे माहीत हवं.

माझा फोन आणि भावाची गाडी

पहिल्या पगाराच्या हप्त्यांवर मी एक 'गेमिंग' फोन घेतला होता. मागे लाल दिवे, आत पंखा. पुढची दोन वर्षं त्यावर मी यूपीआय, व्हॉट्सअ‍ॅप आणि ऑफिसचे ओटीपी एवढंच चालवलं. जड होता, खिशात टोचायचा. शेवटचा हप्ता भरला तोवर बॅटरी अर्ध्या दिवसावर आली होती. फोन वाईट नव्हता. मी जो माणूस नव्हतो, त्याच्यासाठी तो घेतला होता.

म्हणून भावाला मी "घेऊ नको" म्हटलं नाही. कागद पुढे केला आणि तीन रकाने आखायला लावले. दिसणारं: सात गोष्टी. ऐकू येणारं: एक. काम करणारं: दोन, थोडं कडक सस्पेन्शन आणि मागचे डिस्क ब्रेक. तो बराच वेळ कागदाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मागचे डिस्क ब्रेक पाहिजेत रे. रोज हायवेने जायचंय." हे कारण मला पटलं.

शनिवारी दोन्ही गाड्या एकाच रस्त्यावर चालवून बघायच्या असं ठरलंय. शोरूमसमोरच्या गुळगुळीत रस्त्यावर नाही, आमच्या घराकडे येणाऱ्या खड्ड्यांच्या रस्त्यावर, आणि मागच्या सीटवर आईला बसवून. सव्वा लाखाचा निकाल तिचीच कंबर देईल.