नळ, नाली आणि उरलेले ४० टक्के

सकाळी ६. मेळघाटातल्या धारणीच्या खोलीवरून गाडी काढली. साल २०२४, ऑक्टोबरची पहिली तारीख. उद्या गांधी जयंतीची ग्रामसभा, त्यात २०२५-२६ चा ग्रामपंचायत विकास आराखडा मंजूर व्हायचा. त्याआधी महिला सभा झालीच पाहिजे. सोयाबीनची सोंगणी सुरू आहे. आठनंतर गावात बाया सापडत नाहीत. दुपारची सभा म्हणजे नुसतं सह्यांचं रजिस्टर.

७ वाजता मुठवा देवापाशी सतरंजी. कोरकू गाव सरळ रेषेतलं: मधून रस्ता, दोन्हीकडे समोरासमोर घरं, मातीनं लिंपलेल्या बांबूच्या तट्ट्या, वर कवेलू. मी धारणीच्या हिंदीत बोलतो, बाया आपसात कोरकूत, मधे अंगणवाडीताई. वरून आलेल्या नऊ संकल्पनांतून गावानं किमान एक निवडायची असते: जलसमृद्ध गाव, बालस्नेही गाव वगैरे. मी वाचायला लागलो तशी एक म्हातारी म्हणाली, "साहब, पहले हापसी का कीचड़ हटाओ." संकल्पना तिथंच ठरली. पुढच्या मागण्या: वरच्या ढाण्यावर, म्हणजे वस्तीवर, पाणी, अंगणवाडीला स्वयंपाकाची खोली, स्मशानाचा रस्ता.

साडेनऊ. सभा आठलाच उठली होती, मी आणि सरपंचबाई कागद घेऊन बसलो. खरं काम हे. १५ व्या वित्त आयोगाच्या पैशातले ६० टक्के बंधित, म्हणजे पिण्याचं पाणी आणि स्वच्छता, दुसरं काही नाही. उरलेले ४० टक्के अबंधित, पण त्यातूनही पगार काढता येत नाहीत. तेव्हा मागणी कोणत्या रकान्यात बसते ते पाहायचं. 'हापशीचा चिखल' असं काम ई-ग्रामस्वराज पोर्टलवर नाही. 'शोषखड्डा व नाली' लिहिलं की तोच चिखल बंधित निधीत जातो. वरच्या ढाण्याची पाइपलाइनही तिथंच. स्मशानाचा रस्ता वनजमिनीतून. वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) मध्ये रस्ता बसतो, एक हेक्टरच्या आत आणि ग्रामसभेची शिफारस असेल तर. ठरावाचा मसुदा लगेच लिहिला. नंतर लिहू म्हटलं की राहतंच. गाव पेसा कायद्याखालच्या अनुसूचित क्षेत्रातलं, म्हणून ५ टक्के अबंध निधीही आहे, पण तो ग्रामसभेचा. तीच ठरवील, मी सुचवायचं नाही.

१२ ते ३ धारणीत, पंचायत समितीत घरकुलाच्या याद्या. प्रधानमंत्री आवास योजनेचं घर किमान २५ चौरस मीटरचं. सपाट भागात १ लाख २० हजार, डोंगराळात १ लाख ३० हजार, वर रोजगार हमीतून ९०-९५ दिवसांची मजुरी. प्रत्येक टप्प्याचा जिओटॅग फोटो चढल्याशिवाय पुढचा हप्ता नाही. पाच ब्रासपर्यंत वाळू मोफत. वाळू फुकट, ट्रॅक्टर विकत! बैल, शेळ्या, धान्याची कणगी एका छपराखाली ठेवणाऱ्या कुटुंबाला २५ चौरस मीटरमध्ये काय मावणार, हा प्रश्न कोणत्याच रकान्यात नाही. लोक नवं घर बांधतात आणि जुनं मागे तसंच ठेवतात. शहाणपण आहे ते.

यादीत नसलेले वेगळेच. २०१८ च्या आवास प्लस सर्वेक्षणाच्या वेळी कामाला बाहेरगावी गेलेली घरं सुटली. दिवाळीनंतर अर्धं गाव कामावर जातं, हे मेळघाटात कुणाला सांगावं लागत नाही. त्यांच्यासाठी शबरी आदिवासी घरकुल योजना. जातीचा दाखला, जागेचा कागद, अर्ज. आज दोन दाखले मिळाले.

सायंकाळी ५. परत गावात. दवंडी देणाऱ्याला उद्याची वेळ सांगितली, घरकुलाची यादी भिंतीवर लावली.

रात्री ९. नेटवर्क आलं, ई-ग्रामस्वराजवर कामं चढवायला घेतली. शोषखड्डा गेला, पाइपलाइन गेली. अंगणवाडीची खोली ४० टक्क्यांत बसेना. अभियंत्याला फोन केला. तो म्हणतो, ओटा आणि टिनाचं शेड एवढंच बसतं. उद्या सभेत हेच सांगायचं आहे, आणि सरपंचबाई आत्ताच म्हणून गेल्यात की बाया भिंती मागतील.