दुसऱ्या पाळीत राहून गेलेले भाग

घरातले ज्येष्ठ नव्या मालिकेकडे पाठ फिरवून पुन्हा जुनाच चित्रपट लावतात, शिवण उसवलेले तेच पुस्तक हातात घेतात, आणि आपण सहज म्हणून जातो, ‘आजोबा अजून जुन्याच काळात राहतात.’ निगडीत राहणाऱ्यांनी तरी असे म्हणण्यापूर्वी थोडा हिशेब मांडावा.

पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण १९७२ साली स्थापन झाले. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले. म्हणजे निगडी-प्राधिकरणाची वसाहत आणि मराठी घरातला दूरचित्रवाणी संच हे जवळजवळ एका वयाचे. गच्चीवर अँटेना फिरवत ‘आलं का?’ असे ओरडणारा तरुण आज आपल्या दिवाणखान्यात आरामखुर्चीत बसलेला आहे. कारखान्याच्या पाळ्या मात्र कार्यक्रमांच्या वेळा पाहून लागत नसत. दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांचे ‘चिमणराव-गुंड्याभाऊ’ घरातली मुले पाहत, तेव्हा त्यांचे वडील अनेकदा दुसऱ्या पाळीला यंत्रापाशी उभे असत. १९८७ मध्ये ‘रामायण’ रविवारी सकाळी सुरू झाले. ज्या कारखान्यांची सुट्टी गुरुवारी, तिथल्या कामगारांना रविवार कुठला? आणि रात्रपाळी करून आलेल्याचे डोळे त्या वेळी मिटत असत. पुढे टाळेबंदीत, २८ मार्च २०२० पासून ती मालिका पुन्हा दाखवली गेली. आपण ज्याला ‘पुन्हा पाहणे’ म्हणतो, ते घरातल्या एखाद्याचे पहिलेच पाहणे असू शकते. एकदा विचारून पाहावे.

या आवडीमागे शरीराचीही कारणे आहेत. वय वाढते तसे कानाला बहुधा प्रथम उंच पट्टीतले ध्वनी कमी ऐकू येऊ लागतात. स, श, फ यांसारखी व्यंजने पुसट होतात. आवाज येतो, शब्द कळत नाहीत. अशा कानाला संवादाखाली अखंड वाजणारे पार्श्वसंगीत फार जड जाते. जुन्या चित्रपटांतले नट रंगभूमीच्या शिस्तीत वाढलेले, एकेक शब्द सुटा उच्चारणारे. दृश्यही भराभर बदलत नाही. (जुन्या प्रतीतली खरखर हा दोष खराच, म्हणून शक्य तर स्वच्छ केलेली प्रत निवडावी.) आवाज सतत वाढवावा लागत असेल, तर आवडीनिवडीची चर्चा बाजूला ठेवून श्रवणतपासणी करून घ्यावी.

दुसरे कारण स्मृतीचे. साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी उतारवयात अधिक ठळक राहतात, असे मानसशास्त्रज्ञांना वारंवार आढळले आहे. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी जुनी छायाचित्रे, गाणी, वस्तू यांच्या साहाय्याने संवाद साधण्याची पद्धतही आहे. तिचे फायदे अभ्यासांत एकसारखे दिसत नाहीत, बहुधा लहानच दिसतात. औषधाची अपेक्षा तिच्याकडून नको. एक बरी संध्याकाळ मिळाली तरी ती थोडी नाही.

त्यासाठी निगडीकरांनी निवडावा असा चित्रपट म्हणजे प्रभातचा ‘संत तुकाराम’. दामले आणि फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेला हा १९३६ चा चित्रपट पुढच्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. पण आपल्याला व्हेनिसपेक्षा देहू जवळचे. तुकोबांची पालखी देहूहून निघून निगडीवरून आकुर्डीच्या मुक्कामी जाते. ती वर्षानुवर्षे पाहिलेल्या माणसाला विष्णुपंत पागनीसांचे तुकोबा परके वाटत नाहीत. मला स्वतःला मात्र या चित्रपटात गौरीबाईंची जिजाई अधिक मोठी वाटते. पती नामात रंगलेला, घरात दाणा नाही, लेकरे भुकेली. ती चिडते, भांडते, पण घर सोडत नाही. तुकोबा वैकुंठाला निघतात तेव्हाही ती मुलांपाशीच राहते. आजारी माणसाची रात्रंदिवस सेवा करणाऱ्यांनी ही जिजाई अवश्य पाहावी. आपला वैताग तिथे कुणीतरी आधीच बोलून ठेवलेला सापडेल.

चित्रपट दोन तासांहून मोठा आहे. तो एका बैठकीत संपवण्याचा हट्ट नको. अर्ध्या तासाने थांबावे, उठून चार पावले चालावे, पाणी द्यावे. स्मृतिभ्रंश असलेल्यांना पडद्यावरचे भांडण किंवा मृत्यू खरा वाटू शकतो; अस्वस्थता दिसली की वाद न घालता चित्र बंद करावे. ‘हे कोण, आठवतंय का?’ अशी परीक्षा घेऊ नये. ‘तुम्ही हा कुठे पाहिलात?’ हा प्रश्न बरा, आणि उत्तर आलेच नाही तरी नुसते शेजारी बसणे पुरेसे असते.

जुन्या पुस्तकांचे तंत्र थोडे वेगळे. निगडीहून मनपाची बस पकडून अप्पा बळवंत चौकात जाणे आणि ‘किर्लोस्कर’चा किंवा ‘हंस’चा एखादा जुना अंक हाती लागणे, हा अनेकांचा आवडता उद्योग होता. आता गुडघे ऐकत नसतील, तर यादी घेऊन आपण जावे. पुस्तक घरात आणण्यापूर्वी बाहेरच कोरड्या फडक्याने झाडावे. दमेकऱ्यांसमोर पाने फडफडवू नयेत. कसर लागलेले पुस्तक कपाटातल्या इतर पुस्तकांत मिसळू नये. पिवळ्या कागदावरची फिकट, बारीक अक्षरे वाचताना दिवा खांद्यामागून पडावा आणि हाताशी भिंग असावे. तेही जमेनासे झाले, तर रोज दोन पाने मोठ्याने वाचून दाखवावीत. वाचताना मधेच ‘हे पुढे असं होतं’ म्हणून ते गोष्ट सांगू लागले, तर पुस्तक मिटावे आणि ऐकावे.

एका खुणेकडे मात्र लक्ष असू द्यावे. नवे नको, जुने हवे, यात काळजीचे काही नाही. पण जे जुने काल हवे होते, तेही आज नकोसे झाले, आवडती ध्वनिफीत लागली तरी मान वळत नाही, जेवण कमी झाले, झोप बिघडली, आणि हे दोन आठवडे टिकले, तर ‘वयच झालं’ म्हणून सोडून देऊ नये. नैराश्य उतारवयात पुष्कळदा असेच, न बोलता येते, आणि त्यावर उपचार होतात. डॉक्टरांकडे जाताना ही गोष्ट आपणहून सांगावी. रक्तदाब मोजताना ती कुणाला दिसत नाही.