झॅपा, फ्रँक

(२१ डिसेंबर १९४०–४ डिसेंबर १९९३). अमेरिकन रॉक संगीतरचनाकार, गिटारवादक व उपरोधकार. दूरचित्रवाणीवरील सनातनी ख्रिस्ती धर्मोपदेशकांवर त्याने केलेली उपरोधपूर्ण टीका विशेष प्रसिद्ध आहे. संपूर्ण नाव फ्रँक व्हिन्सेंट झॅपा. जन्म मेरिलंड राज्यातील बॉल्टिमोर येथे, एका रोमन कॅथलिक कुटुंबात. पुढे हे कुटुंब कॅलिफोर्नियात स्थायिक झाले. संगीतरचनेचे ज्ञान त्याने बहुतांशी स्वप्रयत्नाने मिळविले. एडगार व्हारेझ व स्ट्राव्हिन्स्की यांच्या आधुनिक रचना आणि कृष्णवर्णीयांचे ऱ्हिदम अँड ब्लूज संगीत या दोहोंचे संस्कार त्याच्यावर झाले. ‘मदर्स ऑफ इन्व्हेन्शन’ या त्याच्या वाद्यवृंदाची फ्रीक आउट ! ही पहिली ध्वनिमुद्रिका १९६६ मध्ये निघाली. वुई आर ओन्ली इन इट फॉर द मनी (१९६८) या ध्वनिमुद्रिकेत त्याने हिप्पी तरुणांचीच थट्टा केली. सनातन्यांप्रमाणे स्वतःला बंडखोर म्हणविणारेही त्याच्या उपरोधातून सुटले नाहीत.

पार्श्वभूमी : अमेरिकेत धर्मोपदेशासाठी आकाशवाणीचा वापर १९२० नंतरच्या दशकातच सुरू झाला होता. दूरचित्रवाणीच्या प्रारंभीच्या काळात प्रस्थापित पंथांना धार्मिक कार्यक्रमांसाठी बहुधा विनामूल्य वेळ मिळे. वेळ विकून दाखविलेले धार्मिक कार्यक्रमही केंद्रांच्या लोकसेवेत धरण्यास संघराज्याच्या दळणवळण आयोगाने १९६० मध्ये मान्यता दिली. त्यामुळे वेळ फुकट देण्याचे कारण उरले नाही आणि ज्यांना तो विकत घेता येईल त्यांच्याकडे तो गेला. प्रेक्षकांकडून थेट देणग्या मागणारे इव्हँजेलिकल उपदेशक यात आघाडीवर होते. देणग्यांतून वेळ विकत घ्यावयाचा, वाढलेल्या प्रेक्षकांकडून अधिक देणग्या मिळवावयाच्या आणि त्यांतून आणखी वेळ घ्यावयाचा, असे हे चक्र होते. पॅट रॉबर्टसन याच्या ‘द ७०० क्लब’ या कार्यक्रमाचे नावही, दरमहा दहा डॉलर देणारे सातशे प्रेक्षक मिळावेत, या आवाहनावरून पडले. १९७९ मध्ये जेरी फॉलवेल याने ‘मॉरल मेजॉरिटी’ (नैतिक बहुमत) ही संघटना स्थापिली आणि हा प्रेक्षकवर्ग राजकीय शक्ती बनला. चर्चसंस्थांना आयकर माफ असून उत्पन्नाचे वार्षिक विवरणपत्र भरण्याचेही त्यांच्यावर बंधन नाही. उलटपक्षी, करमाफी घेणाऱ्या संस्थांनी निवडणुकीत कोणाही उमेदवाराचा प्रचार करू नये, असे कलम १९५४ मध्ये कायद्यात घालण्यात आले होते. उपदेश, पैसा व राजकारण यांच्या सीमारेषा पुसट होऊ लागल्या, तेथूनच झॅपाच्या टीकेचा आरंभ होतो.

उपरोधाचे स्वरूप : यू आर व्हॉट यू इज (१९८१) या ध्वनिमुद्रिकेत या विषयावरील तीन गीते लागोपाठ येतात. ‘द मीक शॅल इनहेरिट नथिंग’ या शीर्षकात नम्रांना पृथ्वीचा वारसा मिळेल या ख्रिस्तवचनाची उलटापालट केलेली आहे. ‘डंब ऑल ओव्हर’ या गीतात धर्मग्रंथाच्या नावाने चालणाऱ्या हिंसेचा समाचार घेतला आहे. ‘हेवन्ली बँक अकाउंट’ (म. शी. ‘स्वर्गातील बँकखाते’) मध्ये देणग्यांवर गबर झालेला आणि करापासून मुक्त असलेला उपदेशक रंगविलेला आहे. चर्चसंस्थांवर कर बसवावा, ही मागणी झॅपा जाहीर मैफलींतूनही करीत असे.

१९८५ मध्ये गीतांतील अश्लीलतेविरुद्ध राजकीय नेत्यांच्या पत्नींनी चळवळ उभारून ध्वनिमुद्रिकांवर इशारेवजा चिठ्ठ्या लावण्याची मागणी केली. १९ सप्टेंबर १९८५ रोजी सेनेटच्या समितीपुढे झॅपाने या मागणीविरुद्ध साक्ष दिली. त्याने स्वतःच्या ध्वनिमुद्रिकांवर विडंबनात्मक चिठ्ठी छापली होती. आतील भाषेमुळे ऐकणाऱ्याला चिरंतन नरकयातना भोगाव्या लागणार नाहीत, अशी हमी तीत होती. १९८६ मध्ये दूरचित्रवाणीवरील एका वादचर्चेत त्याने अमेरिका धर्मसत्ताक हुकूमशाहीकडे झुकत असल्याचा इशारा दिला. धर्मसंस्थेला राजमान्यता देऊ नये आणि भाषणस्वातंत्र्यावर गदा आणू नये, ही दोन्ही तत्त्वे अमेरिकन संविधानाच्या पहिल्या दुरुस्तीत (१७९१) एकत्र आली आहेत. त्यामुळे उपदेशकांवरील टीका व गीतांवरील बंधनांना विरोध या झॅपाच्या दृष्टीने दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्या.

१९८७-८८ मधील घटनांनी त्याला नवे विषय पुरविले. आठ दशलक्ष डॉलर जमले नाहीत, तर परमेश्वर आपणास परलोकी बोलावून घेईल, असे ओरल रॉबर्ट्‌स याने १९८७ च्या प्रारंभी जाहीर केले. त्याच वर्षी जिम बेकर याला एका लैंगिक प्रकरणावरून पद सोडावे लागले. बेकरच्या अधःपतनाचा कडक निषेध करणारा जिमी स्वॅगर्ट हाही फेब्रुवारी १९८८ मध्ये तशाच प्रकरणात सापडला आणि त्याने कॅमेऱ्यासमोर अश्रू ढाळून पापाची कबुली दिली. रॉक संगीताला सैतानी ठरविणारा हा उपदेशक रॉक संगीताच्या आद्य कलावंतांपैकी जेरी ली लुईस याचा भाऊबंद होता. याच सुमारास रॉबर्टसन रिपब्लिकन पक्षाच्या राष्ट्राध्यक्षीय उमेदवारीसाठी उभा राहून आयोवा राज्यात दुसऱ्या क्रमांकावर आला.

झॅपाचा १९८८ चा संगीतदौरा तेव्हा चालू होता. स्वॅगर्टच्या प्रकरणानुसार त्याने आपली जुनी गीते बदलून गायिली आणि बीटल्सच्या चालींवरही नवे शब्द बसविले. ब्रॉडवे द हार्ड वे (१९८८) या ध्वनिमुद्रिकेतील ‘जीझस थिंक्स यू आर अ जर्क’ हे सुमारे नऊ मिनिटांचे गीत बेकर दांपत्य व रॉबर्टसन यांवर आहे. त्यात भक्तिगीते व लोकप्रिय सुरावटी यांचे तुकडे अनपेक्षित जागी पेरले आहेत. परिचित पवित्र सूर भलत्याच संदर्भात आल्याने शब्दांतील उपरोध अधिक बोचतो. या दौऱ्यात श्रोत्यांची मतदार म्हणून नोंदणी करण्याची सोयही त्याने केली. द रिअल फ्रँक झॅपा बुक (१९८९) या आत्मकथनात्मक ग्रंथातील एक प्रकरण चर्च व राज्यसंस्था यांच्या संबंधांवर आहे.

मूल्यमापन : झॅपाच्या टीकेला मर्यादा होत्या. त्याची भाषा पुष्कळदा ग्राम्य असे आणि स्त्रिया व धार्मिक गट यांविषयीच्या काही गीतांवर आक्षेप घेण्यात आले. उपदेशकांच्या धंद्यावरील हल्ला कधीकधी सरसकट श्रद्धेवरच घसरे. त्यामुळे जे भाविक देणगीदार फसविले जात होते, त्यांच्यापर्यंत तो क्वचितच पोहोचला. बेकरचे गैरव्यवहार उघड झाले, ते मुख्यतः वृत्तपत्रांच्या शोधकार्यामुळे. शार्लट ऑब्झर्व्हर या दैनिकास त्याबद्दल १९८८ चे पुलिट्झर पारितोषिक मिळाले. हजार डॉलरच्या मोबदल्यात दरवर्षी निवासाचे आश्वासन देऊन, प्रत्यक्षात असलेल्या खोल्यांच्या मानाने फार अधिक सभासद केल्याबद्दल बेकरला १९८९ मध्ये ४५ वर्षांची शिक्षा झाली. ती नंतर कमी होऊन १९९४ मध्ये तो सुटला आणि पुढे पुन्हा दूरचित्रवाणीवर आला.

तथापि इतरांना उपदेशकांच्या खाजगी स्खलनात रस वाटत असताना, झॅपाने करमाफी, प्रसारण व सत्ता यांच्या संगनमतावर नेमके बोट ठेवले, हे त्याचे वेगळेपण. २००७ मध्ये सेनेटर चार्ल्स ग्रासली याने अशा सहा धर्मसंस्थांच्या आर्थिक व्यवहारांची चौकशी आरंभिली. २०११ मध्ये ती कोणासही दंड न होता संपली. झॅपाने गीतांतून विचारलेल्या प्रश्नाचा निकाल त्यामुळे लागला नाही. पुरःस्थ ग्रंथीच्या कर्करोगाने तो लॉस अँजेल्स येथे मृत्यू पावला.