मुख्याध्यापिकेची खुर्ची आणि एक कागद

आपल्या मुली बीएड करून शाळांत रुजू होताहेत, माशाअल्लाह. स्टाफरूममध्ये शिक्षिका भरपूर दिसतात. पण मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये आम्हाला बहुतेक वेळा 'सर'च भेटतात.

माध्यमिक शाळेत ही जागा रिकामी होणार असली, की ज्यांचा नंबर लागतो त्या बाजींना सांगितलं जातं, "मॅडम, शिक्षणाधिकारी ऑफिसच्या फेऱ्या तुम्हाला कुठे झेपणार? नको म्हणून लिहून द्या." घरीही तेच, "मग मुलांचं कोण बघणार?" बाजी लिहून देतात. वीस-पंचवीस वर्षांच्या नोकरीचा हक्क दोन ओळींत संपतो.

नियम काय आहे ते आपण समजून घेऊ. महाराष्ट्रातल्या खासगी शाळांच्या 1981 च्या सेवाशर्ती नियमावलीनुसार हे पद सर्वांत ज्येष्ठ, पात्र आणि समाधानकारक सेवा असलेल्या शिक्षकाला मिळतं. हक्क सोडायचाच असेल तर तो स्वखुशीने, स्वतःच्या हस्ताक्षरात, शिक्षणाधिकाऱ्यांसमोर, जागा रिकामी झाल्यापासून 15 दिवसांत सोडायचा असतो. संस्थेच्या ऑफिसात टाइप केलेल्या कागदावर घेतलेली सही म्हणजे ते निवेदन नव्हे. आणि एकदा नाही म्हटलं म्हणून पुढच्या वेळचा हक्क जात नाही. मुलींच्या शाळेत तर पात्र शिक्षिकांमधली सर्वांत ज्येष्ठ शिक्षिकाच नेमायची असते, मग एखादे सर तिला सीनियर का असेनात. बढतीत डावललं तर शाळा न्यायाधिकरणात 30 दिवसांत अपील करता येतं.

आता जरा नाजूक गोष्ट. अल्पसंख्याक शाळांना मुख्याध्यापक निवडताना 1977 च्या मूळ कायद्यातून सूट आहे. म्हणजे आपल्याच समाजाच्या शाळेत ज्येष्ठतेचा हा नियम दाखवून बाजींना खुर्ची मागता येत नाही; सगळं संस्थाचालकांच्या नियतीवर. ही सवलत आपली शाळा आपण चालवावी म्हणून आहे, लायक शिक्षिकेला मागे ठेवायला नाही, असं आमचं स्पष्ट मत आहे. संस्थेचे सभासद आपलेच अब्बा, मामू, चाचा असतात. पुढच्या सभेत त्यांनी एवढं तरी विचारावं, की यादीत पहिलं नाव कोणाचं आहे?

शिक्षिकांनी सेवाज्येष्ठता यादीची प्रत मागून घ्यावी. ती सर्वांना दाखवून सह्या घेणं संस्थेवर बंधनकारक आहे. सही करण्याआधी रुजू तारीख आणि बीएडचं वर्ष तपासा. चूक दिसली तर हरकत लेखी द्या आणि पोच घ्या.