विज्ञानाच्या बाई व्हायचंय?

‘मुलीला शिक्षिका करायचंय’ असं म्हणणारी घरं गावोगाव भेटतात. पण कोणत्या वर्गाची शिक्षिका, कोणत्या विषयाची, हा प्रश्न बारावीनंतर फारसं कुणी विचारत नाही. मिळेल ती पदवी घ्यायची, लग्नाआधी बीएड उरकायचं आणि जाहिरात निघाली की कळतं, आपली पदवी तिथं चालतच नाही! गेलेली वर्षं आणि वडिलांनी भरलेली फी, दोन्ही परत येत नाहीत. म्हणून मैत्रिणींनो, आधी वर्ग ठरवा, मग पदवी.

पहिली ते पाचवीला शिकवायचं असेल, तर बारावीनंतरचं दोन वर्षांचं डीएलएड, म्हणजे पूर्वीचं डीएड, लागतं. इथं बीएड चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2023 मध्ये तसा निकाल दिला आहे.

सहावी ते आठवीला विज्ञान शिकवायचं, तर बीएस्सी आणि त्यावर बीएड किंवा डीएलएड. शिवाय टीईटीचा दुसरा पेपर, तोही गणित-विज्ञान गट घेऊन. खुल्या गटाला त्यात 60 टक्के गुण हवेत. पूर्वी हे प्रमाणपत्र सात वर्षंच चालायचं, 2021 पासून ते आयुष्यभरासाठी झालं. त्यामुळे बाळंतपण, लहान मुलं यात काही वर्षं गेली, तरी ते वाया जात नाही. नववी-दहावीला बीएस्सी, बीएड. अकरावी-बारावीला त्याच विषयातली एमएस्सी आणि बीएड. सीनियर कॉलेजला मात्र बीएड लागत नाही. तिथं एमएस्सीला किमान 55 टक्के आणि नेट किंवा सेट.

बीएस्सीला विषय निवडताना थोडं थांबा. भौतिक, रसायन, गणित किंवा रसायन, वनस्पती, प्राणी हे शाळेच्या जवळचे विषय. नव्या नावाची एखादी पदवी आकर्षक वाटली, तरी आधी दोन-तीन वर्षांच्या शिक्षकभरतीच्या जाहिराती काढून बघा. त्यात आपला विषय दिसत नसेल, तर वेळीच विचार बदला. पदवीला 50 टक्क्यांच्या खाली घसरू नका, खुल्या गटातल्या मुलींना बीएडचं दार तिथंच बंद होतं.

बीएड 2015 पासून दोन वर्षांचं आहे आणि त्यासाठी सीईटी द्यावी लागते. ‘घरबसल्या बीएड करून देतो’ म्हणणाऱ्यांपासून सावध राहा. दूरशिक्षणातलं बीएड हे सेवेतल्या प्रशिक्षित शिक्षकांसाठी किंवा आधी नियमित डीएड केलेल्यांसाठी असतं. कॉलेजला एनसीटीईची मान्यता आहे का, हे फी भरण्याआधी बघा, नंतर नव्हे. बारावीनंतरच मन पक्कं असेल, तर बीएस्सी-बीएड असा चार वर्षांचा एकत्रित अभ्यासक्रमही आहे. भोपाळच्या प्रादेशिक शिक्षण संस्थेत महाराष्ट्रातल्या मुली तो करू शकतात. वेगवेगळं केलं तर पाच वर्षं लागतात, इथं एक वर्ष वाचतं.

आणखी एक घोटाळा नेहमी होतो. टीईटी वेगळी आणि टेट वेगळी! टीईटी ही पात्रता. टेट म्हणजे शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी, ती 2017 पासून भरतीसाठी घेतली जाते. तिच्या गुणांवर पवित्र पोर्टलवरून निवड होते.

लग्न ठरत असेल, तर ‘शिक्षण पुढे चालू ठेवू’ एवढ्या मोघम शब्दावर समाधान मानू नका. कोणतं कॉलेज, किती वर्षं, फी कोण भरणार, हे मोठ्यांसमोर बोलून घ्या. त्यात लाजायचं काय?