मोटारगाडीच्या रंगाची निगा

पितळेचें पातेलें बाहेरून आणि आंतून घासण्याची रीत निराळी, हें जुन्या घरांतील प्रत्येक गृहिणीस ठाऊक असे. बाहेरून चिंच व राख लावून कितीही घासलें, तरी खालीं पुन्हां पितळच; परंतु आंतील कल्हईवर वाळूचा हात फिरला, कीं ती झिजते आणि कल्हईवाल्याची वाट पाहावी लागते. रोजच्या वापरांतील मोटारगाडीच्या रंगाविषयीं ज्या चुका होतात, त्यांपैकीं बहुतेक हा भेद लक्षांत न घेतल्यामुळें होतात. गाडीची चकाकी ही पितळेची नव्हे, कल्हईच्या जातीची आहे.

ही कल्हई किती पातळ असते, तें प्रथम पाहिलें पाहिजे. कारखान्यांत पत्र्यावर साधारणतः चार लेप चढतात. पहिला विजेच्या साहाय्यानें बसविलेला गंजरोधक लेप, दुसरा पृष्ठभाग सारखा करणारा अस्तराचा, तिसरा प्रत्यक्ष रंगाचा, आणि सर्वांत वर काचेसारखा पारदर्शक लेप. या सर्वांची जाडी मिळून सुमारें १०० ते १३० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा आठवा-दहावा हिस्सा, भरते. त्यांतील पारदर्शक लेप अवघा ४० ते ५० मायक्रॉनचा. माणसाच्या केंसाहूनही तो बहुधा पातळ असतो. जी तकाकी दिसते ती याच लेपाची, आणि सूर्याच्या अतिनील किरणांपासून रक्षण करणारीं द्रव्येंही यांतच मिसळलेलीं असतात. तो संपला, कीं रंग फिका पडतो, पोपडे सुटतात, आणि पुन्हां रंगकाम करण्यावांचून गत्यंतर राहत नाहीं. ज्या कुटुंबास एकच गाडी दहा-बारा वर्षें वापरावयाची आहे, त्यास हा खर्च लहान नव्हे.

पूर्वीं अशी स्थिति नव्हती. विसाव्या शतकाच्या आरंभीं मोटारींस घोडागाडीप्रमाणें तेलाचें रोगण देत, आणि तें पुरतें वाळावयास आठवडे लागत. १९२३ सालीं अमेरिकेंत ड्यू पाँट कंपनीचें ‘ड्युको’ रोगण मोटारींसाठीं आलें आणि आठवड्यांचें काम तासांवर आलें. त्या रोगणांत रंग वरपासून खालपर्यंत एकच असे. तें निस्तेज झालें कीं घासून पुन्हां उजळ काढीत. वरचेवर पॉलिश करण्याचा परिपाठ त्या काळचा होय. १९८० नंतर पारदर्शक लेपाची पद्धति रूढ झाली. परिपाठ मात्र अनेकांनीं तोच ठेवला.

या लेपाचा मुख्य शत्रु कोरडें फडकें. शहरांतील धुळींत गारेचे सूक्ष्म कण असतात. खनिजांच्या कठिणपणाच्या दहा अंशांच्या मापनांत गार सातवी येते. पारदर्शक लेप तिच्यापुढें अगदींच मऊ. पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांतून पहाटे गाड्या पुसणारा माणूस एका बादलींत एकाच फडक्यानें अनेक गाड्या आटोपतो. दोष त्याचा नव्हे. त्यास जितकें पाणी व जितका मोबदला मिळतो, तितकेंच त्याचें काम. परंतु पहिल्या गाडीची धूळ पुढच्या गाडीवर घासली जाते, आणि महिन्या-दोन महिन्यांत बॉनेटवर सूर्याच्या प्रतिबिंबाभोवतीं कोळ्याचें जाळें दिसूं लागतें. ओरखडे वस्तुतः सर्व दिशांचे असतात. त्यांपैकीं प्रकाशास आडवे असलेलेच चमकतात, म्हणून ते वर्तुळाकार भासतात. दिव्याखालीं स्टीलच्या ताटांत दिसणारीं वलयें याच प्रकारचीं.

धुण्याची योग्य रीत साधी आहे. गाडी सावलींत उभी करून पत्रा निवूं द्यावा. तापलेल्या पत्र्यावर पाणी तत्काळ वाळतें आणि विहिरीच्या जड पाण्यांतील क्षारांचे पांढरे डाग मागें राहतात. प्रथम नुसतें पाणी ओतून धूळ वाहूं द्यावी. मग दोन बादल्या घ्याव्या: एकींत मोटारीसाठीं मिळणाऱ्या सौम्य साबणाचें पाणी, दुसरींत कापड विसळण्याकरितां स्वच्छ पाणी. मऊ मायक्रोफायबरचें कापड टपापासून खालीं सरळ रेषेंत फिरवावें व वरचेवर विसळावें. चाकांस निराळें फडकें असावें. भांड्यांचा साबण वापरूं नये. तो मळाबरोबर रक्षक मेणही नेतो. पाणी कमी असेल तेथें रोज कोरडें पुसण्यापेक्षां आठवड्यांतून एकदां असें धुणें बरें. धुळकट गाडीवर आच्छादनही घालूं नये. वाऱ्यानें हलतांना तें सँडपेपराचें काम करतें.

पक्ष्यांच्या विष्ठेचा अपाय निराळा. उन्हानें मऊ झालेला लेप थंड होतांना आकुंचन पावतो आणि सुकलेल्या विष्ठेचा ठसा त्यांत उमटतो. ती ओल्या फडक्यानें भिजवून त्याच दिवशीं उचलावी, खरवडूं नये. दसऱ्यास गाडीची पूजा यथासांग करावी; मात्र झेंडूची माळ बॉनेटवर घासणार नाहीं अशी बांधावी, आणि हळदीचा डाग पांढऱ्या रंगावर बसूं नये म्हणून संध्याकाळीं हळदकुंकू पाण्यानें धुवावें.

पॉलिश आणि मेण हीं एकच, असा समज फार पसरला आहे. वास्तविक दोहोंचें कार्य उलट आहे. पॉलिशांत ॲल्युमिनियम ऑक्साइडासारख्या कठिण पदार्थाची अतिसूक्ष्म भुकटी असते. तिनें ओरखडा भरत नाहीं; त्याच्या भोंवतालचा लेप उतरून तळाशीं सारखा होतो. हलक्या हातानें एखाद-दुसरा मायक्रॉन जातो, हें खरें. परंतु यंत्राचा जोर लावून वरचेवर केल्यास शिल्लक संपते, आणि ती आधीं कडांवर संपते. नख फिरवितां जेथें अडकतें, तो ओरखडा पॉलिशानें जाण्यासारखा नाहीं. पांढऱ्या फडक्यावर पॉलिश घेऊन घासतां त्यास गाडीचा रंग लागला, तर तेथें पारदर्शक लेप मुळांत नाहीं अथवा संपला आहे, असें समजून थांबावें.

मेण कांहीं काढीत नाहीं. तें वर बसतें. ब्राझीलच्या ईशान्य भागांतील एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवर मिळणारें कार्नौबा मेण यासाठीं प्रसिद्ध आहे. तें ८० अंश सेल्सिअसाच्या वर वितळतें, म्हणून उन्हांत टिकतें. स्वच्छ व कोरड्या गाडीवर त्याचा पातळ हात द्यावा. पाणी मोत्यासारखें थेंबाथेंबानें उभें राहतें तोंवर मेण शाबूत. पाणी पसरूं लागलें, कीं पुन्हां द्यावें. निदान पावसाळ्यापूर्वीं एकदां व दसऱ्याच्या सुमारास एकदां तें अवश्य द्यावें.

अलीकडे सिरॅमिक लेपाचा बोलबाला आहे. तो मेणाहून पुष्कळ टिकतो आणि त्यावरील मळ लवकर निघतो. परंतु तो अतिशय पातळ असल्यानें उडालेला खडा अडवीत नाहीं, आणि धुण्यापासून सुटकाही देत नाहीं. खड्यांपासून रक्षण पॉलियुरेथेनची जाड पारदर्शक फिल्म करते; खर्च परवडेल तर ती पुढील भागापुरती लावावी.

तात्पर्य, पॉलिश हें औषध आहे, आहार नव्हे. तें क्वचित् व मोजकें घ्यावें. रोजची निगा दोन बादल्या पाणी आणि एक स्वच्छ कापड यांनींच होते.