हिमालयाने ओळंबा ओढला आणि ब्रिटिशांच्या मोजणीचं गणित बिघडलं

जीपीएस नव्हतं, तेव्हा एखादं ठिकाण पृथ्वीवर नेमकं कुठे आहे हे कसं कळायचं? उत्तर होतं, ताऱ्यांवरून.

१८०२ मध्ये विल्यम लॅम्बटनने मद्रासजवळून भारताच्या मोजणीला सुरुवात केली. त्याच्याकडे ‘झेनिथ सेक्टर’ नावाचं यंत्र होतं. ही एक उंच टांगलेली दुर्बीण. डोक्यावरून जाणारा तारा बरोबर माथ्यापासून किती कलला आहे, ते तिच्यातून मोजायचं. ताऱ्याचं आकाशातलं स्थान आधीच माहीत असल्याने त्यावरून अक्षांश निघायचा.

पण ‘बरोबर माथ्यावर’ म्हणजे कुठे, हे कोण सांगणार? ते सांगायचा ओळंबा. गवंडी भिंत सरळ आहे का हे बघायला वापरतो, तोच.

चूक नेमकी कुठे सापडली?

१८२३ मध्ये लॅम्बटनचा आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला मृत्यू झाला. पुढचं काम जॉर्ज एव्हरेस्टने केलं. त्याने मध्य प्रदेशातल्या सिरोंजजवळचं कल्याणपूर आणि मुझफ्फरनगरजवळचं कलियाना यांच्यातलं अंतर दोन पद्धतींनी काढलं. एकदा जमिनीवर त्रिकोण आखून, एकदा तारे बघून.

दोन्ही उत्तरं जुळेनात. फरक होता सुमारे ५.२४ विकलांचा, म्हणजे अंशाच्या जवळपास सातशेव्या भागाचा. सुमारे ६०० किलोमीटरच्या अंतरात हा फरक साधारण १६० मीटर भरतो. एव्हरेस्टला वाटलं, जमिनीवरच्या मोजणीत बारीक चुका साचत गेल्या असाव्यात.

संशयित: हिमालय

कलकत्त्यात जॉन प्रॅट नावाचा एक गणिती धर्मगुरू होता. त्याचा संशय वेगळाच होता. हिमालयासारखा अवाढव्य डोंगर ओळंब्याला स्वतःकडे ओढत असणार. कलियाना हिमालयाच्या जवळ, म्हणून तिथे ओढ जास्त. ओळंबा तिरका झाला की ‘माथा’ही सरकतो आणि अक्षांश चुकतो.

प्रॅटने १८५५ मध्ये हिशोब मांडला, तर भलतंच निघालं. हिमालयाचं वस्तुमान बघता फरक सुमारे १५.९ विकलांचा यायला हवा होता. प्रत्यक्षात तो त्याच्या एक तृतीयांशच होता!

म्हणजे हिमालय दिसतो तितक्या जोराने ओढत नव्हता. असं का?

उत्तर जमिनीखाली

त्याच वर्षी ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ जॉर्ज एअरीने स्पष्टीकरण दिलं. पाण्यावर तरंगणारा लाकडाचा ओंडका जितका जाड, तितका तो खाली जास्त बुडालेला असतो. डोंगरांचंही तसंच. वर जितका उंच डोंगर, तितकं खाली हलक्या खडकाचं खोल मूळ. आजूबाजूच्या जड थरांपेक्षा हे मूळ हलकं असल्याने एकूण ओढ कमी पडते. भूगर्भशास्त्रात या तत्त्वाला आज ‘आयसोस्टसी’ म्हणतात आणि हिमालयाखालचं कवच खरोखरच जाड असल्याचं भूकंपलहरींच्या अभ्यासातून दिसलंय.

थोडक्यात काय, तर यंत्र बिघडलेलं नव्हतं. ओळंबा खरंच तिरका झाला होता. जमिनीखाली काय दडलंय, ते कुणी न खणता त्याने सांगून टाकलं होतं.